रोवणीवाल्या बाईचा अंगठा

कोंढ्याच्या बाजारात धुरपताबाई आली की भाजीवाले एकमेकांकडे बघून हसतात आणि आपापली पारडी पुसून ठेवतात. ती वांगं उलटून देठाखाली बघते, मेथीची जुडी सोडून आत गवत आहे का ते चाचपते आणि वजन टाकण्याआधी पारड्याच्या बुडाखालून बोट फिरवून घेते. बुडाला चिंच किंवा मेण चिकटलेलं आजवर एकदाही सापडलेलं नाही.

"आज नसन," ती म्हणते. "म्हणून का उद्याबी नसन?"

गावात तिला शंकेखोर धुरपता म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. नवरा सोमा अकाली गेला तेव्हा दिरानं दर पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरचा हद्दीचा दगड जरा जरा तिच्या बांदीत सरकवायला सुरुवात केली होती. पाण्यानंच सरकला म्हणायचा. धुरपतानं एका उन्हाळ्यात त्या दगडाच्या बाजूला पळसाचा खुंट ठोकला, दुसऱ्या उन्हाळ्यात खुंट आणि दगड यांच्यामधलं अंतर दिराला दाखवलं आणि विचारलं, "पानी फक्त गोट्यालेच ढकलते का, भाऊजी? खुंटाले नाई ढकलत?" त्यानंतर तलाठ्याच्या मागे लागून तिनं ती दीड एकर धानाची जमीन आपल्या नावावर चढवून घेतली. सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी धानाच्या ढोलीत, आणि ढोलीच्या तोंडावर पाटा.

पण आषाढ लागला की याच शंकेखोर बाईच्या मागे गावातल्या निम्म्या बाया डोळे मिटून निघतात. रोवणीचा गुत्ता, म्हणजे धान लावण्याच्या कामाचा ठेका, तिचा असतो. मालकाशी बोलणी ती करते, बांदी ती पावलांनी मोजते, कारण मालकाचा एकर नेहमीच एकराहून थोडा मोठा असतो. मग बाया चिखलात एका ओळीत वाकतात आणि पऱ्ह्याच्या पेंड्या सोडून रोपटी खोवत मागे मागे सरकतात. त्या ओळीत धुरपताच्या उजव्या हाताला कायम विमलाबाई. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या आणि तेव्हापासून बाजूबाजूला वाकून आहेत. विमलाचा मनिष तान्हा असताना धुऱ्यावरच्या पळसाला लुगड्याचा झोका बांधलेला असे. तो रडला की ज्या बाईचा हात मोकळा ती जाई. धुरपताचा हात बऱ्याचदा मोकळा निघे. तिला मूलबाळ नव्हतं.

रोवणीच्या दिवसांत बाईच्या हाताचं जे होतं ते बाहेरच्या माणसाला सांगूनही कळायचं नाही. दिवसभर चिखल, पाणी आणि वरून खत. बोटांची कातडी पांढरी फुगते, मग सोलते, आणि अंगठ्यावरच्या रेषा पुसल्यासारख्या होतात. श्रावणात रेशनच्या दुकानात मशीन एकाही बाईचा अंगठा धड घेत नाही.

"पुसून दाब, काकू," दुकानदार म्हणतो. "अजून. आता डावा. आता बाजूचं बोट."

"मशीनलेई वळखू नाई येत आमी," गुत्त्यातली ललिताबाई म्हणते. "नवऱ्यानं त कधीच सोडलं वळखाचं." सगळ्या हसतात आणि पुन्हा पदराला बोट पुसतात. वर्षानुवर्षं असं चाललेलं. अंगठा एकदा दाबून काम होत नाही, मशीनचं समाधान होईपर्यंत दाबत राहायचं असतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

मागच्या होळीच्या आधी मनिषनं चौकातल्या कडुनिंबाखाली छत्री लावली. बारावीनंतर तो अड्याळला एका मोबाईलच्या दुकानात कामाला होता. नवीन सीम घेतलं की प्लास्टिकचा मग फुकट. विमला धुरपताकडे आली.

"पोराले टारगेट देल्लं आहे वो. तू म्हणशील त बाया येतीन."

"टारगेट म्हणजे का?"

"म्हणजे येवढे सीम खपवा लागते. नाई त मालक घरी पाठवते."

धुरपतानं आधी मग उन्हात धरून बघितला, कुठं चीर आहे का. मग सीम खरंच फुकट आहे का ते तिनं मनिषकडून वदवून घेतलं. पुढं महिन्याला काही कापत नाही ना, हेही विचारलं. मगच तिनं गुत्त्याच्या बायांना निरोप दिला. बाया कडुनिंबाखाली ओळीनं बसल्या, रोवणीत उभ्या राहतात तशाच क्रमानं. मनिष मशीन पुढं करी. "मोठीमाय, लागला नाई. पुन्हा दाब." धुरपता पुन्हा दाबी. "अजून एकदा." ती अजून एकदा दाबी. मागच्या बाया कंटाळल्या तेव्हा धुरपतानंच त्यांना दटावलं होतं, "दाबा वो नीट! त्याच्या मशीनले कायले दोष देता? आपलेच बोटं तसे आहेत."

तिनं मगावर शंका घेतली, सीमवर घेतली, महिन्याच्या कापण्यावर घेतली. अंगठ्यावर घेतली नाही.

यंदा संक्रांतीच्या पुढंमागं भंडाऱ्याहून पोलिसांची गाडी आली. त्या बायांच्या नावांवर त्यांनी कधी न पाहिलेली सीमं निघाली होती आणि त्या सीमांवरून कुणाकुणाला फोन करून लुबाडलं होतं. धुरपताच्या नावाच्या एका नंबरावरून जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या कुणा माणसाची बँक रिकामी झाली होती. पोलिसांनी तिचा जबाब घेतला. सीम घेतलं का? घेतलं. अंगठा दिला का? दिला. किती वेळा दिला हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. आठवड्याभरात मनिषला नेलं. त्यानं सीमं बाहेरच्या टोळीला विकली की तो स्वतःच फोनवर बोलायचा, यावर गावात दोन तट पडले. ललिताबाईनं मात्र तिसरंच धरलं.

"तुया मागं गेलो म्हणून पोलीस दारात आले," ती नळावर सगळ्यांदेखत म्हणाली. "औंदा मी आपला वेगळा गुत्ता करतो. जिले याचं थे माया संगं या."

चैत्र संपत आला तेव्हा एका दुपारी विमला आणि तिचा भाऊ जागेश्वर धुरपताच्या ओसरीवर येऊन बसले. विमला वाळली होती. जागेश्वरच्या हातात कागदांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर लग्न जमवायला आलेल्या माणसाचं हसू.

"जामीन झाला, बाई," तो म्हणाला. "पयल्यांदा नाई म्हटलं कोर्टानं. आता चार्जशीट झाली, पोट्ट्याचा फोन, मशीन, सारं पोलिसायपाशी जमा आहे, आता आत ठेवून का करतीन? म्हणून देल्ला."

"सुटला म्हणजे."

"सुटला नाई. केस चालू राहीन. फक्त तारखेले हजर राहाचं, जिल्हा सोडाचा नाई, साक्षीदारायले भेटाचं नाई. अन एक जामीनदार पायजे. जमीनवाला."

"तुयी जमीन आहे ना, जागेश्वर."

"मायी बापाच्या नावानं आहे अजून. भावायच्या सह्या कुठून आनू?" तो पुढं सरकला. "कोर्टाले आता सुट्ट्या लागून राहिल्या. या आठवड्यात जामीनदार नाई देल्ला त पोट्टं जूनपर्यंत आतच."

विमला ओसरीच्या सारवणावर नखानं रेघ ओढत होती.

"गावात सातबारेवाले लय आहेत," धुरपता म्हणाली. "मीच काहून?"

"तू आपली आहेस म्हणून!"

"पाटलाचा पोरगा मनिषचा दोस्त आहे. त्याच्या बापाले इचारलं?"

जागेश्वरनं विमलाकडे पाहिलं. तेवढं पाहणं धुरपताला पुरलं. बाजारात एखादा माल झाकताना माणूस असाच पाहतो.

"अन साक्षीदार म्हणजे कोन कोन?" तिनं विचारलं.

"थे पोलिसायचं राह्यते. तुले का करा लागते? तू फक्त सही कर, जजमॅडमनं इचारलं त म्हण का पोरगा चांगला आहे. मंग कोनी तुले काई इचारत नाई."

जागेश्वर गेल्यावर विमला मागे राहिली. "धुरपते," ती म्हणाली, "तुनं नाई म्हटलं तरी मी तुया बाजूलेच उभी राहीन रोवणीत. पन नाई नको म्हणू." आणि रडायला लागली. धुरपतानं तिला पाणी दिलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. कागद तर काढून ठेवू, मग पाहू, असं ठरवलं.

आधार कार्ड पिशवीत पिवळं पडून वाचेनासं झालं होतं. दुसरं काढायला ती कोंढ्याच्या सेतू केंद्रात गेली. तिथं शुभांगी नावाची पोरगी बसते. तिनं छोटं मशीन पुढं केलं.

"अंगठा, काकू."

धुरपतानं पदराला बोट पुसलं, तोंडाची वाफ दिली. "दोन-चारदा दाबा लागन, पोरी. आमचे बोटं—"

मशीन टिंग वाजलं.

"झालं," शुभांगी म्हणाली.

"येवढ्यात?"

"आता कुठं रोवणी आहे, काकू? बोटं भरून आलीत तुमची. रोवणीतच त्रास राह्यते, बाकी वर्षभर चांगले येतेत बायायचे ठसे."

धुरपता कागद घेऊन बाहेर आली आणि केंद्रासमोरच्या पारावर बसली. तिनं अंगठा डोळ्यांजवळ धरला. रेषा होत्या, बारीक आणि गोल गोल, नांगरलेल्या बांदीसारख्या. होळीला तरी रोवणी कुठं होती? पळस फुलले होते. त्याच महिन्यात रेशनवाल्याच्या मशीननं अंगठा पहिल्याच दाबात घेतला होता, आणि "औंदा मशीन सुधारली" असं तीच त्याला म्हणाली होती. मग मनिषच्याच मशीनला तो पुन्हा पुन्हा कशाला हवा होता, दर दाबाला एक सीम काढायला?

मग तिनं जन्मात न केलेली गोष्ट केली. स्वतःच्या शंकेची समजूत घालायला बसली. मनिषचं मशीन दुकानाचं होतं, जुनं होतं, बिघडलं असेल. असल्या दुकानांतल्या वस्तू असतातच तशा. पळसाच्या झोक्यात जे पोर आपल्या बोटाला धरून झोपायचं, ते आपल्याच बोटाला फसवेल, हे तिला मनात घेता येईना. त्यापेक्षा मशीन बिघडलेलं बरं.

ठरल्या दिवशी ती, विमला आणि जागेश्वर सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला गेले. विमलानं बस फलाटाला लागताच नेहमीसारखी खिडकीतून पिशवी टाकून दोघींची जागा धरली होती. वाटभर दोघी पाऊसपाण्याचं बोलल्या. मनिषचं नाव एकीनंही काढलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात वकील भेटला. कोट खांद्यावर, तोंडात सुपारी. त्यानं सातबारा बघितला, फोटो चिकटवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, मॅडम विचारतील तेवढंच बोलायचं. मुलाला लहानपणापासून ओळखता, चांगला आहे, तारखेला हजर कराल. बस."

"अन पोलिसायनं मले इचारलं होतं थे?"

"तो आजचा विषय नाही."

"मंग कवाचा आहे?"

वकिलानं जागेश्वरकडे पाहिलं. "यांना समजावून सांगा," म्हणाला आणि आत गेला. जागेश्वर त्याच्या मागोमाग गेला. विमला पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेली. धुरपता बाकावर बसली आणि मनाशी म्हणाली, ह्यांच्या पारड्याखाली काहीतरी आहे.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खिशात पेन, मांडीवर डब्याची पिशवी, जणू पाळीच्या बसची वाट बघतोय.

"तुमी कोन्या कामानं, बाई?" त्यानं विचारलं.

"जामीन राहाले आलो. गावचं पोरगं आहे."

"असं." त्यानं खिशातलं पेन सारखं केलं. "मी मंगरू रामटेके. जवाहरनगरले होतो, फॅक्टरीत. मले कोनी बोलावत नाई, पन मी दर तारखेले येतो. वकील म्हणते, काका, तुमचं काम नाई आज. तरी येतो."

जवाहरनगर हे नाव धुरपतानं जबाबाच्या वेळी ऐकलं होतं. तिनं पदर डोक्यावरून पुढं घेतला. "तुमचं का झालं?"

"हयातीचा दाखला." तो हसला, पण गंमतीनं नाही. "पेन्शनवाल्याले दरसाल द्या लागते का आपन जित्ते आहो. एका पोट्ट्याचा फोन आला. लय गोड बोले. काका, म्हणे, थंडीत कायले बँकेत जाता, घरी बसूनच करून देतो. मी आकडे सांगत गेलो. पोरगी ओरडून राहिली का पप्पा सांगू नका, मीच तिले चूप केलो. जित्ता असल्याचं पटवता पटवता आयुष्याची कमाई गेली."

धुरपतानं नजर फरशीवर ठेवली.

"पोलिसायनं काढलं, फोन कोनाच्या नावानं होता थे. एक बाई आहे. धुरपता. तुमच्याच इकडची, कोंढ्याकडची." त्यानं डब्याची पिशवी एका मांडीवरून दुसरीवर घेतली. "मी लय विचार करतो त्या बाईचा. कशी असन? हातभर सोन्याच्या बांगड्या असतीन. चारचाकीत फिरत असन. मले फक्त एकदा पाहाचं आहे तिले. मारनार नाई, शिव्या देनार नाई. फक्त पाहाचं आहे."

धुरपतानं आपले हात पदराखाली घेतले. हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या, त्याही वेगवेगळ्या रंगाच्या.

"फोनवर बाई बोलली होती का?" तिनं विचारलं.

"नाई ना. पोट्टंच होतं. पन नाव तिचं होतं ना."

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला बाटली भरून विमला वळली. आता ती सवयीनं हाक मारणार, 'धुरपते!', आणि हा माणूस मान वळवणार. धुरपता गुडघ्यावर हात देऊन उठली आणि जवळजवळ पळतच विमलाकडे गेली, तिला नळाशी मागे रेटलं.

"का झालं वो?" विमला घाबरली. "नाई म्हणतं का आता? अशी नको करू. त्याच्या मनात काई पाप नाई, मी माय आहो, मले नाई माहीत का?"

"मी काई म्हटलं का?"

"तुये डोळे म्हणते ना! सारं गाव म्हणते मनिष लुच्चा आहे. लुच्चा असता त मायेची येवढी काळजी करता?" विमला रडत आणि बोलत होती, दोन्ही एकदम. "त्या दिवशीच पाहाय ना, कडुलिंबाखाली. मीबी बसली होती ओळीत, तुया बाजूले. माया नंबर आला त म्हणे, मा, उन्हात कायले बसतं, तू घरी जाय, तुयं मी मंग करतो. अंगठासुद्धा नाई घेतलन माया. ज्याले मायेले ऊन लागलेलं पाहावत नाई, तो लोकायले बुडवन का?"

धुरपता तिच्याकडे बघत राहिली. तिला ती दुपार आठवली. आपल्या उजव्या हाताची जागा मध्येच रिकामी झाली होती, आणि विमलाला चहा ठेवायला पाठवलं असेल असं वाटून तिनं तिकडं लक्ष दिलं नव्हतं. थंडीत कायले जाता, काका. उन्हात कायले बसतं, मा. आवाज त्याचाच होता की नव्हता, ते देव जाणे आणि पोलीस जाणोत. पण सगळ्या बायांची बोटं ज्या मशीनवर पुन्हा पुन्हा दाबून घेतली, त्या मशीनपासून त्यानं एकच बोट दूर ठेवलं होतं. मशीन बिघडलेलं असतं तर ते कशाला ठेवलं असतं?

आणि विमला? हिला कळलंय का आपण काय बोललो ते? धुरपतानं तिच्या चेहऱ्यात शोधलं, मेथीच्या जुडीत शोधावं तसं. तिथं नुसतं रडणं होतं. पण रडण्याखाली काय आहे ते रडण्यामुळेच दिसत नव्हतं.

"धुरपता सोमा चोपकरऽऽ!" शिपायानं दारातून पुकारा केला. "जामीनदार, चला!"

बाकावरचा म्हातारा उभा राहिला. डब्याची पिशवी त्याच्या मांडीवरून खाली पडली. धुरपता त्याच्यासमोरूनच आत गेली, आणि त्याच्याकडे न बघता जाणं तिला सबंध चिखलाची बांदी ओलांडण्याइतकं जड गेलं.

आत न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. त्यांनी सातबारा बघितला, आधार बघितलं, चष्म्यावरून धुरपताकडे बघितलं.

"आरोपीला ओळखता?"

"हो मॅडम. झोक्यात होता तवापासून."

"तो तारखेला हजर राहिला नाही तर जबाबदारी तुमची राहील. तुमच्या जमिनीवर कारवाई होऊ शकते. कळतंय ना? कुणी जबरदस्ती केलेली नाही?"

"नाई."

वकिलानं कागद पुढं सरकवला. जागेश्वर मागून खाकरला. धुरपतानं कागदाकडे बघितलं आणि मग वर.

"एक इचारू का, मॅडम?"

"विचारा."

"ज्या सीमवरून त्या फॅक्टरीवाल्या काकाले फोन गेला, थे सीम माया नावाचं आहे. पोलिसायनं माया जबाब घेतला आहे. मले जामीन राहाता येते का?"

न्यायाधीशबाईंनी आरोपपत्र जवळ ओढलं, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "साक्षीदारांना भेटायचं नाही ही अट आहे, आणि तुम्ही साक्षीदारच जामीनदार म्हणून उभा केलात?"

"मॅडम, नावाचा मेळ आमच्या लक्षात—"

"दुसरा जामीनदार द्या. जामिनाचा आदेश आहे तसाच आहे." त्या धुरपताकडे वळल्या. "बाई, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"अंगठा पुन्हा पुन्हा घेतलन, मॅडम. रोवणी नव्हती तवा."

न्यायाधीशबाईंना ते कळलं की नाही, सांगता येत नाही. "ते साक्षीच्या वेळी सांगा," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत आरोपीनं किंवा त्याच्या घरच्यांनी या प्रकरणाबद्दल तुमच्याशी बोलायचं नाही. कुणी बोललं तर पोलिसांना कळवायचं."

धुरपता बाहेर आली. दारातच मंगरू रामटेके उभा होता. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खाली हातांकडे, त्या रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांकडे, आणि बराच वेळ तिथंच बघत राहिला.

"तुमीच?"

"मीच."

"मंघाशी बोल्ल्या नाई."

"नाई बोललो."

त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून कुणास ठाऊक. तिला वाटलं, आपलं ऐकून याचा विश्वास बसला असेल. मग वाटलं, कशाला बसेल? एकदा गोड बोलण्यावर बसला होता, आता साध्या बोलण्यावर कशाला बसवेल? त्याच्या जागी ती असती तर तिनं बसवला नसता. तो बाकाजवळ पडलेली पिशवी उचलून जिन्यानं खाली गेला, एकेका पायरीवर थांबत.

जागेश्वर आतून आला तो तिच्याशी न बोलता फोन कानाला लावूनच निघून गेला. पाटलालाच लावला असेल. आता विचारेल; जामीन राहिलेली बाई पुढं पोराविरुद्ध साक्ष देणार नाही, हा बेत तर फसला.

बसस्टँडवर पवनीकडची गाडी लागलेली होती. धुरपता चढली तेव्हा विमला आधीच खिडकीजवळ बसली होती, तोंड बाहेर केलेलं, आणि तिच्या बाजूच्या जागेवर तिची पिशवी ठेवलेली होती. सकाळी ठेवली होती तीच पिशवी, तशीच आडवी.

धुरपता जागेजवळ जाऊन उभी राहिली. पिशवी आपल्यासाठी धरलेली आहे की आपण बसू नये म्हणून ठेवलेली आहे? की आतल्या मॅडमचं बोलणं जागेश्वरनं हिच्या कानावर घातलंय आणि ही आतापासूनच कोर्टाचं पाळतेय? विमलानं मान वळवली असती तर कळलं असतं. ती वळवत नव्हती.

"बाई, बसा ना," कंडक्टर म्हणाला. "जागा आहे तिथं. पिशवी उचला, ताई."

विमलाचा हात हलला आणि पिशवीवर येऊन थांबला. उचलायला की दाबून धरायला, ते धुरपतानं वाकून बघितलं, खूप जवळून, वांग्याच्या देठाखाली बघते तसं. गाडीनं गचका दिला. धुरपतानं वरचा दांडा धरला आणि अड्याळ येईपर्यंत ती त्या हाताकडे बघत उभीच होती.